ओहायोचे रान आणि धारवाडचे शिवार

मळमड्डीतल्या कोणत्याही जुन्या मराठी घरात अमेरिकेचा विषय निघाला की तो मुलांपासून सुरू होतो. कुणाचा मुलगा डलासला, कुणाची नात न्यू जर्सीला, कुणाचे व्याही सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे. त्यामुळे धारवाडचा आणि अमेरिकेचा संबंध गेल्या तीस-चाळीस वर्षांतला, कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांबरोबर आलेला, असा आपला समज झाला आहे. प्रत्यक्षात तो दोनशे वर्षांहून जुना आहे. त्यात एक किल्ला आहे, एक पीक आहे आणि आपल्या गावात राहून गेलेल्या एका थोर मराठी लेखकाची काही पुस्तके आहेत.

मी राज्य सरकारच्या नोकरीतला माणूस. डिप्लोमा करून नोकरीला लागलो, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. परंतु कचेरीत जुने कागद हाताळता हाताळता त्यांची गोडी लागली आणि सुट्टीच्या दिवशी जाणकारांकडे जाऊन बसायची सवय झाली. एक निवृत्त कन्नड प्राध्यापक आहेत, मोडी वाचणारे एक काका आहेत आणि आमच्या गल्लीतल्या, नव्वदीला टेकलेल्या एक आजी आहेत. या लेखातले बरेचसे प्रश्न त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून निघाले. उत्तरे मात्र पुस्तकांत शोधावी लागली.

किल्ला

धारवाडच्या किल्ल्याचे आता फारसे काही उरलेले नाही. पण 1790 साली तो टिपू सुलतानाच्या ताब्यात होता आणि बद्रुज्जमान खान हा त्याचा किल्लेदार होता. त्या वर्षी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. सोबत कॅप्टन लिटल याच्या हाताखालची इंग्रजांची एक तुकडी होती. वेढा महिनोन्‌महिने चालला आणि 1791 च्या एप्रिलमध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती आला.

यात अमेरिका कुठे आली? प्राध्यापकसाहेबांनी मला हाच प्रश्न उलटा विचारला होता, “त्या युद्धात कंपनीचा गव्हर्नर जनरल कोण होता?” उत्तर होते लॉर्ड कॉर्नवॉलिस. याच कॉर्नवॉलिसने ऑक्टोबर 1781 मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउन येथे जॉर्ज वॉशिंग्टन आणि फ्रेंचांच्या संयुक्त फौजेपुढे शरणागती पत्करली होती. अमेरिका हातची गेली, त्यानंतर पाच वर्षांनी, 1786 मध्ये, तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. परशुरामभाऊंची फौज धारवाडापुढे बसली असताना कॉर्नवॉलिस बेंगळूर घेत होता. अमेरिकेचे स्वातंत्र्य आणि धारवाडचा वेढा या शाळेत वेगवेगळ्या धड्यांत शिकलेल्या गोष्टी अशा एकाच माणसाच्या चरित्रात शेजारी शेजारी येतात.

या वेढ्याची हकीकत लिहिणारा एडवर्ड मूर हा तेव्हा विशीच्या आसपासचा तरुण अधिकारी होता. लिटलच्या तुकडीच्या मोहिमेवरचे त्याचे पुस्तक 1794 साली लंडनला निघाले. मराठे गोलंदाज तोफ भरली की खाली बसत, अर्धा तास गप्पा मारत, हुक्का ओढत आणि मग ती डागत. दुपारी जेवणासाठी गोळीबार थांबत असे, असे त्याने काहीशा थट्टेने लिहिले आहे. आपण हे वाचून हसतो किंवा चिडतो. पण दुसऱ्या बाजूचे कागदही उपलब्ध आहेत. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे शाळामास्तर. त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे वाचून, निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने 1897 पासून छापायला सुरुवात केली. मूर आणि खरे शेजारी ठेवून वाचले, तरच धारवाडचा वेढा नीट समजतो.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एक गोष्ट सांगायलाच हवी. हाच एडवर्ड मूर 1800 साली चिंचवडला गेला, मोरया गोसावींच्या वंशातील देवांचे दर्शन घेतले, तिथल्या लोकांकडून घराण्याची परंपरा ऐकून घेतली आणि त्यावर निबंध लिहिला. धारवाडच्या वेढ्यात मराठ्यांकडे दुरून पाहणारा माणूस दहा वर्षांनी त्यांच्याजवळ बसून प्रश्न विचारत होता. इतिहासात पाहणारा आणि विचारणारा यांत हा फरक असतो.

कापूस

दुसरा धागा आपल्या काळ्या मातीतला. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस लागे. तो एकाच देशावर अवलंबून राहू नये म्हणून कंपनी सरकारने 1840 साली अमेरिकेतून कापसाच्या लागवडीचे दहा जाणकार हिंदुस्थानात आणवले. निरनिराळ्या प्रांतांत त्यांचे प्रयोग बहुतेक फसले. ज्या थोड्या जिल्ह्यांत अमेरिकन बी रुजले, त्यांत धारवाड ठळक होता. मर्सर नावाचा अमेरिकन या भागात काम करत होता. सरकी काढण्यासाठी करवतीच्या दात्यांचे जिन इथे आले आणि ते दुरुस्त करायला धारवाडात कारखाना निघाला. बाजारात या मालाला ‘धारवाड-अमेरिकन’ असे नावच पडले. आपला जुना देशी कापूस घाट उतरून कुमठ्याच्या बंदरातून बाहेर जाई, म्हणून तो ‘कुमठा’. एकाच जिल्ह्यात दोन कापूस, एक बंदराच्या नावाचा आणि एक परदेशाच्या नावाचा!

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि कापूस इंग्लंडला पोहोचेना. हिंदुस्थानच्या कापसाचे भाव भडकले. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर झाले, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर वाटेल त्या भावाने विकले गेले. कापसात माती, सरकी आणि पाणी मिसळून वजन वाढवण्याचे प्रकार इतके बोकाळले की 1863 मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या.

ही गोष्ट आपल्याकडे ‘सोन्याचे दिवस’ म्हणून सांगितली जाते. पण तिची दुसरी बाजू आहे. अमेरिकेतला तो कापूस गुलामांच्या श्रमावर उभा होता. 1860 च्या खानेसुमारीत तिथे सुमारे चाळीस लाख माणसे गुलामीत होती. धारवाडच्या बाजारात भाव वाढला, तो त्या माणसांच्या सुटकेचे युद्ध चालले होते म्हणून. हा संबंध ज्या मराठी माणसाने सर्वांत स्पष्टपणे मनावर घेतला, ते जोतीराव फुले. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. अमेरिकेचा इतिहास वाचून त्यांनी प्रश्न मात्र आपल्या गावचा विचारला.

कापसाची कथा पुढेही चालू राहिली. धारवाड-अमेरिकनमधून निवडलेल्या गदग वाणापासून पुढे ‘लक्ष्मी’ हा वाण झाला. लक्ष्मीचा संकर करून डॉ. कटारकी यांनी इथल्याच संशोधन केंद्रात ‘वरलक्ष्मी’ काढला, तो 1972 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. अमेरिकेतून आलेले बी सव्वाशे वर्षांनी कन्नड मातीतली लक्ष्मी झाले. त्याला आज कोणी परका म्हणत नाही.

रान, शिवार, गाव

तिसरा धागा आपल्या अगदी जवळचा. जी. ए. कुलकर्णी धारवाडात जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात अनेक वर्षे इंग्रजी शिकवत होते. आपल्यातल्या काही ज्येष्ठांनी त्यांच्या वर्गात बसून धडे घेतले असतील. ‘काजळमाया’ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, ‘पिंगळावेळ’, ‘रमलखुणा’ सर्वांना माहीत आहेत. पण 1960 च्या दशकात याच लेखकाने कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची पुस्तके मराठीत आणली, हे तरुण पिढीला क्वचितच ठाऊक असते. ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ ही तीन एका कुटुंबाची सलग कथा. शिवाय ‘रानातील प्रकाश’ आणि ‘स्वातंत्र्य आले घरा’.

मूळ इंग्रजी शीर्षकांचा साधा अर्थ झाडे, शेते आणि शहर असा आहे. जी. एं.नी त्यांना रान, शिवार आणि गाव केले. ‘शिवार’ या शब्दात नुसते शेत येत नाही. गावाची हद्द, बांध, पाणंद, गुरांची वाट हे सगळे येते. धारवाडच्या आसपासच्या खेड्यांतून हिंडलेल्या माणसालाच हा शब्द इतक्या सहज सुचावा.

कथा अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू होते. वर्थ लकेट हा शिकारी बायकोमुलांना घेऊन पेनसिल्व्हेनियातून ओहायो नदीपलीकडच्या घनदाट अरण्यात येतो. बायको क्षयाने मरते. धाकटी मुलगी सुली रानात हरवते. बाप निघून जातो. थोरली सेवर्ड सगळ्यांना सांभाळते, एका एकलकोंड्या वकिलाशी लग्न करते, झाडे तोडून शेत काढते. मग वस्ती, देऊळ, शाळा, कालवा, वर्तमानपत्र असे एकेक येत रानाचे शहर होते. ज्या झाडांचा सेवर्डने जन्मभर द्वेष केला, ती म्हातारपणी शहरातल्या आपल्या घराजवळ लावते. या मालिकेतल्या शेवटच्या पुस्तकाला 1951 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हे खरे. पण रिक्टरने ती नुसत्या कल्पनेने लिहिली नाही. 1928 मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे तो न्यू मेक्सिकोत राहायला गेला आणि तिथे जुन्या माणसांशी बोलून, जुनी वर्तमानपत्रे आणि हस्तलिखिते वाचून वह्या भरू लागला. ओहायोसाठी त्याला मोठा आधार झाला तो हेन्री हाऊ याच्या ग्रंथाचा. हा हाऊ 1846 मध्ये घोड्यावर बसून ओहायोभर हिंडला. प्रत्येक जिल्ह्यात उतरायचे, पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी जे म्हातारे जिवंत असतील त्यांना गाठायचे, त्यांच्या तोंडच्या हकीकती लिहून घ्यायच्या आणि गावाचे चित्र काढायचे. 1847 मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. चाळीस वर्षांनी, सत्तरी गाठल्यावर, तो तीच गावे पुन्हा पाहायला निघाला आणि आपलाच ग्रंथ त्याने नव्याने वाढवून लिहिला. त्या म्हाताऱ्यांना कुणी विचारले नसते, तर त्यांची भाषा त्यांच्याबरोबरच गेली असती. रिक्टरला ती मिळाली नसती आणि धारवाडात बसून जी. एं.नाही तिचे मराठी करता आले नसते.

रिकामे नसलेले रान

इथे मात्र जाणकारांनी मला थांबवले. प्राध्यापकसाहेब म्हणाले, “ते रान रिकामे होते का?” नव्हते. ओहायोत शॉनी, मायामी, लेनापे असे अनेक मूळ समाज राहत होते. धारवाडचा किल्ला पडला त्याच 1791 साली, नोव्हेंबरमध्ये, लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट या त्यांच्या सरदारांनी अमेरिकन सैन्याचा इतका मोठा पराभव केला की सहाशेहून अधिक सैनिक ठार झाले. 1795 च्या ग्रीनव्हिलच्या तहात मात्र त्यांना बहुतेक प्रदेश सोडावा लागला. 1803 मध्ये ओहायो राज्य झाले. हाऊच्या ग्रंथात गोऱ्या म्हाताऱ्यांचे शब्द भरपूर आहेत, पण जे हाकलले गेले त्यांचे फार थोडे.

रिक्टरला ही उणीव जाणवत असावी. ‘रानातील प्रकाश’चा नायक हा लेनापे लोकांत लहानाचा मोठा झालेला गोरा मुलगा आहे. 1764 मध्ये कर्नल बुकेच्या सक्तीने अशा पकडून नेलेल्या माणसांना परत आणले गेले, ही ऐतिहासिक घटना. मुलाला जन्मदात्यांचे घर परके वाटते. तो पळून रानात जातो आणि शेवटी तिथेही त्याला जागा उरत नाही. ‘गाव’मध्ये हरवलेली सुली अनेक वर्षांनी सापडते, पण तिने बहिणींना ओळख देण्याचे नाकारलेले असते.

हे वाचताना मला मळमड्डी आठवते. आपली मुले घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. तिकडची नातवंडे आजीशी इंग्रजीत बोलतात आणि आजी मराठीत उत्तर देते. आपण कुणाचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने पडतो. दोन भाषांच्या मधल्या माणसाचे दुःख जी. एं.ना या गावात राहून कळले नसेल असे मला वाटत नाही.

विचारणारा कोण, हेही पाहावे

अमेरिकेने पुढे या विचारपूस करण्याच्या कामाला शास्त्राचे रूप दिले. 1936 ते 1938 या काळात सरकारी योजनेतून एकेकाळी गुलाम असलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती लिहून घेतल्या गेल्या. 1948 मध्ये ॲलन नेव्हिन्स यांनी कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचे काम सुरू केले. पण अभ्यासकांनी एक इशाराही दिला. गुलामीच्या मुलाखती घेणारे बहुतेक गोरे होते. मंदीचे दिवस होते, सांगणारे गरीब होते आणि काहींना वाटे की समोरचा सरकारी माणूस पेन्शन मिळवून देईल. त्यामुळे ते जपून बोलले. कोण विचारतो, यावर काय सांगितले जाईल हे ठरते.

हा इशारा आपल्यालाही लागू आहे. धारवाडचा मराठी इतिहास लिहायचा तर त्यात किल्ला, पटवर्धन, नाटक, गाणे येईल. ते यायलाच हवे. पण याच जिल्ह्यात एकेकाळी कन्नड मुलांना शाळेत मराठीतून शिकावे लागे आणि कन्नड शाळांसाठी डेप्युटी चन्नबसप्पांना झटावे लागले, हेही यायला हवे. 1890 मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ का निघाला, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यावर घराघरांत काय बोलले गेले, कोण पुण्याला गेले आणि कोण इथेच राहिले, हेही. शेजारच्या कन्नड घरातली बाई, स्टेशनवरचा हमाल, टांगेवाल्याचा मुलगा, धुणेभांडी करायला येणारी मावशी यांना विचारले नाही, तर आपलाही ग्रंथ हाऊसारखा अर्धाच होईल.

आता आपले काम

मोडी वाचणारे काका एकदा म्हणाले, “कागद वाचायला मी अजून आहे, पण कागदच येत नाहीत.” घरे विकली जातात, वाड्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहतात आणि माळ्यावरच्या ट्रंका रद्दीत जातात. कुणाचे इनामपत्र, कुणाच्या पणजीचा जमाखर्च, कुणाची नाटक मंडळीची हँडबिले. कचेरीत मालकाचे नाव, सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ टिकून राहते. त्या घरात प्लेगच्या वर्षी काय झाले, गांधीहत्येनंतर दारे कोणी आणि का लावून घेतली, पहिला रेडिओ कुणाकडे आला, कोणत्या मुलीने पहिल्यांदा कॉलेजात नाव घातले, हे कुठल्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत प्रत्येक घराने एका ज्येष्ठाशी एक तास बोलावे. मोबाइलवर रेकॉर्ड करावे. सुरुवातीलाच सांगणाऱ्याचे नाव, वय, तारीख आणि विचारणाऱ्याचे नाव बोलून घ्यावे. मराठी येत असेल तर मराठीत, कन्नड सोपे जात असेल तर कन्नडात. “तुमच्या काळी सगळे चांगले होते ना?” असे विचारू नये, “त्या दिवशी घरात कोण कोण होते, चूल कुणी पेटवली, पैसे कुठून आले?” असे विचारावे. सांगणाऱ्याची परवानगी असेल तेवढेच मंडळाच्या कपाटात ठेवावे. मोडीचे कागद फेकण्याआधी काकांना दाखवावेत. अमेरिकेतल्या मुलांनाही यात काम आहे. व्हिडिओ कॉलवर जेवलात का, औषध घेतले का, हे विचारून झाल्यावर दहा मिनिटे आजोबांच्या लहानपणाबद्दल विचारावे आणि ते जपून ठेवावे.

याला ना पदवी लागते, ना अनुदान. हाऊकडे एक घोडा होता, खरेशास्त्र्यांकडे शाळा सुटल्यानंतरचा वेळ होता. आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. आमच्या गल्लीतल्या आजींनी होकार दिला आहे. पहिला तास त्यांचा.